सुटीतील बालशिबिरे

सुटीतील बालशिबिरे : शाळांच्या दीर्घ सुटीत मुलांना घरापासून दूर, मोकळ्या हवेत, जबाबदार प्रौढांच्या देखरेखीखाली काही दिवस वा आठवडे एकत्र ठेवून त्यांच्या निवास, आहार, खेळ व उपक्रम यांची सोय करण्याची संघटित व्यवस्था. जर्मन भाषेत तिला ‘फेरिएनकोलोनी’ आणि फ्रेंच भाषेत ‘कोलोनी द व्हाकांस’ म्हणजे सुटीतील वसाहत म्हणतात. ‘समर कॅम्प’ हे नाव प्रामुख्याने अमेरिकेत रूढ झाले. हे नाव उच्चारताच आज शुल्क आकारून चालविलेले छंदवर्ग व सहली डोळ्यांसमोर येतात. तथापि यूरोपात या व्यवस्थेचा उगम सुखवस्तू मुलांच्या करमणुकीत नसून औद्योगिक शहरांतील गरीब, अशक्त मुलांच्या आरोग्याविषयीच्या चिंतेत आहे.

गरीब कुटुंबाला परवडणारे शिबिर म्हणजे केवळ स्वस्तात चालविलेले शिबिर नव्हे. प्रवास, निवास, अन्न आणि देखरेख यांचा खर्च कोठेही टळत नाही; तो पालकांऐवजी दुसऱ्या कोणी उचलावा लागतो. धर्मसंस्था, दानशूर नागरिक, नगरपालिका, कारखानदार, कामगार संघटना, राजकीय पक्ष आणि शासन यांनी तो निरनिराळ्या काळी उचलला. खर्च कोण उचलतो, यावरून शिबिरात कोणते मूल जाणार, त्याची निवड कशी होणार आणि तेथे त्याला कोणती शिकवण मिळणार, हे ठरत आले आहे.

पार्श्वभूमी : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यूरोपातील अनेक देशांत प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले आणि बालमजुरीवर कायद्याने मर्यादा आल्या. त्यामुळे शहरी मुलांच्या वर्षाला शाळेच्या दिवसांची व सुटीच्या दिवसांची चौकट आली. लोहमार्गांमुळे सुखवस्तू कुटुंबे उन्हाळ्यात समुद्रकिनारी किंवा डोंगरात जाऊ लागली. कामगारवस्तीतील मुलांना मात्र सुटी म्हणजे कोंदट खोली, अरुंद अंगण आणि रस्ता एवढेच होते. क्षय, गंडमाळा, मुडदूस व रक्तक्षय या विकारांचे प्रमाण अशा वस्त्यांत मोठे होते. रॉबर्ट कॉख याने १८८२ मध्ये क्षयजंतूंचा शोध लावला, तरी त्यावर गुणकारी औषध विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत उपलब्ध नव्हते. स्वच्छ हवा, सूर्यप्रकाश, दूध व पोटभर अन्न हाच वैद्यांचा मुख्य उपाय होता. इटलीत जूझेप्पे बारेल्लाई या वैद्याच्या प्रेरणेने १८५६ पासून फ्लॉरेन्समधील गंडमाळाग्रस्त मुलांना व्ह्यारेज्जो येथील समुद्रकिनारी पाठविण्यास आरंभ झाला होता. तो उपक्रम रुग्णांसाठी होता. रोगी नसलेल्या, परंतु दुबळ्या शाळकरी मुलांसाठी तशी सोय करण्याची कल्पना त्यानंतर पुढे आली.

स्वित्झर्लंड व जर्मनी : झुरिक येथील धर्मोपदेशक व्हाल्टर हेर्मान बिओन (१८३०–१९०९) हा सुटीतील वसाहतींचा जनक मानला जातो. त्याने पूर्वी अपेंट्सेल या डोंगराळ प्रदेशात धर्मोपदेशकाचे काम केले होते. त्यामुळे तेथील मुले व झुरिकच्या दाट वस्तीतील मुले यांच्या प्रकृतीतील फरक त्याला जाणवला. १८७६ च्या उन्हाळ्यात त्याने झुरिकमधील ६८ गरीब मुलामुलींना शिक्षकांसमवेत दोन आठवड्यांसाठी अपेंट्सेलला नेले. नागरिकांनी दिलेल्या देणग्यांतून हा खर्च भागविण्यात आला. मुलांना शिक्षकांच्या देखरेखीखाली गटागटाने ठेवणे, हे या प्रयोगाचे वैशिष्ट्य होते. दोनच वर्षांनी, १८७८ मध्ये, गेओर्ख फारेनट्राप या वैद्याच्या पुढाकाराने जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथे असाच उपक्रम सुरू झाला आणि पुढे इतर जर्मन शहरांनी त्याचे अनुकरण केले.

इंग्लंड : लंडनमध्ये व्हाइटचॅपल या दरिद्री भागात काम करणारे धर्मोपदेशक सॅम्युएल बार्नेट व त्यांची पत्नी हेन्रिएटा यांनी १८७७ पासून तेथील मुलांना खेड्यांत पाठविण्यास सुरुवात केली. या प्रयत्नांतून १८८४ मध्ये ‘चिल्ड्रन्स कंट्री हॉलिडेज फंड’ ही संस्था उभी राहिली. मुलांना वसाहतीत एकत्र न ठेवता खेड्यातील कुटुंबांत साधारणतः दोन आठवडे ठेवावे आणि त्या कुटुंबाला मोबदला द्यावा, अशी तिची पद्धती होती. पालकांनीही ऐपतीप्रमाणे खर्चाचा काही वाटा उचलावा, असा तिचा आग्रह असे. पूर्णतः फुकट मिळालेल्या मदतीने कुटुंबाचा स्वाभिमान खचतो, ही तत्कालीन समाजसेवकांची धारणा त्यामागे होती. उत्पन्नानुसार शुल्क आकारण्याच्या पुढील काळातील पद्धतीचे बीज या व्यवस्थेत दिसते.

फ्रान्स : या व्यवस्थेचा सर्वांत व्यापक विस्तार फ्रान्समध्ये झाला. १८८१ मध्ये प्रॉटेस्टंट धर्मोपदेशक तेओदोर लोरिओ व त्याची पत्नी सुझान यांनी ‘तीन आठवडे’ या अर्थाच्या नावाची संस्था काढून पॅरिसमधील मुलांना खेड्यांत पाठविण्यास आरंभ केला. १८८३ मध्ये एदमाँ कोतिने याने पॅरिसच्या नवव्या विभागातील शाळानिधीतर्फे ‘शालेय वसाहत’ भरविली. हा शाळानिधी (फ्रेंचमध्ये ‘केस देझ एकोल’) गरीब विद्यार्थ्यांना कपडे, पुस्तके व भोजन पुरविण्यासाठी असे. १८८२ च्या कायद्याने तो प्रत्येक नगरपालिकेस बंधनकारक झाला होता. त्यामुळे सुटीतील वसाहतीला धर्मादायाबरोबर सार्वजनिक निधीचाही आधार मिळाला. मुलांची निवड शिक्षक व वैद्य करीत. निघताना व परतल्यावर प्रत्येक मुलाचे वजन घेत, छातीचा घेर मोजीत आणि वजनात झालेली वाढ हेच वसाहतीच्या यशाचे प्रमाण मानीत.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी कॅथलिक मंडळे व धर्मनिरपेक्ष शिक्षणाचे पुरस्कर्ते यांच्यात अशा वसाहती उभारण्याची चढाओढ लागली. दोन महायुद्धांच्या दरम्यान पॅरिसभोवतालच्या कामगार नगरांनी या कार्यात मोठा वाटा उचलला. साम्यवाद्यांकडे सत्ता असलेल्या ईव्ह्री नगरपालिकेने अटलांटिक किनाऱ्याजवळील ले मात येथे स्वतःची वसाहत वसविली. सुरेन येथील समाजवादी महापौर आंरी सेलिए याच्या नगरपालिकेने मात्र न्येव्ह्र या ग्रामीण विभागातील शेतकरी कुटुंबांत मुलांना ठेवण्याचा मार्ग स्वीकारला. अशा नगरांत वसाहतीला जाणे ही केवळ दरिद्री मुलाला मिळालेली मदत राहिली नाही; गावातील शाळेत शिकणाऱ्या मुलाच्या वर्षक्रमाचा तो भाग झाला. शेजारची मुलेही जात असल्यामुळे आपले मूल पाठविण्यात पालकांना कमीपणा वाटेनासा झाला.

१९३६ मध्ये लोकआघाडी शासनाने कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी रजा दिली. क्रीडा व विरंगुळा यांचे काम पाहणारा उपमंत्री लेओ लाग्रांज याने वसाहतींना उत्तेजन दिले. १९३७ मध्ये बोरक्यय येथे शिबिरप्रमुखांसाठी पहिला प्रशिक्षणवर्ग भरला. त्यातून ‘सेमेआ’ या संक्षिप्त नावाने ओळखली जाणारी प्रशिक्षणसंस्था वाढली. शिस्तीची कवायत व वजनवाढ यांऐवजी खेळ, गाणी, हस्तव्यवसाय आणि मुलांचा स्वतःचा पुढाकार यांना तिने महत्त्व दिले. १९४५ मध्ये मोठ्या कारखान्यांत कर्मचाऱ्यांच्या समित्या स्थापन करण्याचा आदेश निघाला. या समित्यांनी कामगारांच्या मुलांसाठी वसाहती चालविल्या. नगरपालिका, कारखान्यांतील समित्या, शिक्षणसंस्था व कुटुंबसाहाय्य निधी या सर्वांच्या आधाराने १९६० च्या आसपास ही चळवळ शिखरावर पोहोचली.

त्यानंतर तिला ओहोटी लागली. रजेची मुदत वाढली व मोटारगाड्या आल्या. त्यामुळे अनेक कुटुंबे एकत्र सुटी घालवू लागली. सुरक्षितता, इमारती व प्रशिक्षित कर्मचारी यांविषयीचे नियम काटेकोर झाले. ते आवश्यक होते, परंतु त्यांनी खर्च वाढविला. अनेक नगरपालिकांनी आपल्या वसाहतींच्या इमारती विकल्या. घोडेस्वारी, नौकानयन किंवा परभाषा यांसाठी अल्प मुदतीची महागडी शिबिरे निघाली. सुस्थितीतील पालक त्यांचे शुल्क भरू शकत आणि अत्यंत गरीब मुलांसाठी सार्वजनिक साहाय्य मिळे. मदतीच्या मर्यादेच्या किंचित वर उत्पन्न असलेली कुटुंबे मात्र या दोहोंच्या मध्ये सापडली. ही उणीव भरून काढण्यासाठी फ्रेंच शासनाने २०२४ मध्ये अकरा वर्षे वयाच्या मुलांसाठी ‘पास कोलो’ ही योजना सुरू केली. तीत कुटुंबाच्या उत्पन्नानुसार २०० ते ३५० यूरोंची मदत ठरविण्यात आली.

इटली व सोव्हिएट रशिया : शासनाने किंवा सत्ताधारी पक्षाने संपूर्ण खर्च उचलल्यास काय घडते, याची उदाहरणे या दोन देशांत आढळतात. फॅसिस्ट राजवटीत इटलीच्या किनाऱ्यावर व डोंगरांत भव्य वसाहती उभारण्यात आल्या. फिआट या मोटार कारखान्याने १९३३ मध्ये मारीना दी मास्सा येथे आपल्या कामगारांच्या मुलांसाठी मनोऱ्याच्या आकाराची वसाहत बांधली. लक्षावधी मुलांना समुद्रस्नान व अन्न मिळाले. त्याबरोबर गणवेश, कवायत व नेत्याची भक्ती हेही त्यांच्या दिनक्रमात आले. रशियात झिनोव्ही सोलोव्ह्योव्ह या वैद्याच्या प्रयत्नाने १९२५ मध्ये क्रिमियातील आर्तेक येथे तंबूंत पहिले शिबिर भरले. क्षयाची बाधा असलेल्या दुर्बल मुलांसाठी निघालेले हे शिबिर पुढे बालवीर संघटनेचे नामांकित केंद्र बनले व तेथील प्रवेश हे गुणवंत मुलांचे पारितोषिक ठरले. सामान्य मुलांसाठी कारखाने व कामगार संघटना यांची असंख्य शिबिरे होती. त्यांची प्रवेशपत्रे संघटनेमार्फत नाममात्र दरात मिळत. सोव्हिएट संघराज्याच्या विघटनानंतर (१९९१) हा आधार मोठ्या प्रमाणावर तुटला.

अमेरिकेची संयुक्त संस्थाने : येथे श्रीमंतांची शिबिरे व गरिबांसाठी धर्मादाय सहली असे दोन प्रवाह आरंभापासून वेगळे राहिले. १८८१ मध्ये अर्नेस्ट बाल्च याने न्यू हॅम्पशर राज्यात स्थापिलेले चोकोरुआ शिबिर श्रीमंत घरांतील मुलांसाठी होते. उपाहारगृहांत आळसात सुटी घालविणाऱ्या या मुलांना स्वयंपाक, भांडी घासणे व नाव चालविणे शिकवावे, हा त्याचा हेतू होता. त्यापूर्वीच, १८७७ मध्ये, पेनसिल्व्हेनियातील शर्मन या खेड्यातील धर्मोपदेशक विलर्ड पार्सन्झ याने न्यूयॉर्कच्या दाट वस्तीतील मुलांना काही दिवस आपल्या घरी ठेवण्याचे आवाहन गावकऱ्यांना केले आणि ६० मुलांची सोय झाली. पुढे ‘न्यूयॉर्क ट्रिब्यून’ या वृत्तपत्राने या कार्यासाठी निधी जमविला. तोच ‘फ्रेश एअर फंड’ होय. १८८८ मध्ये ही संस्था विधिवत नोंदविण्यात आली. यजमान कुटुंबे मोबदला घेत नसत. दुसऱ्या महायुद्धानंतर पाहुणी मुले बहुतांशी कृष्णवर्णीय व प्वेर्त रीकोतील घराण्यांची आणि यजमान प्रामुख्याने श्वेतवर्णीय, अशी स्थिती झाली. दोन आठवड्यांच्या पाहुणचाराने शहरातील दारिद्र्य व वर्णभेद यांचे मूळ कारण हटत नाही, अशी टीका या व्यवस्थेवर झाली.

महामंदीच्या काळात संघशासन या क्षेत्रात उतरले. शहरांजवळच्या नापीक झालेल्या शेतजमिनी विकत घेऊन तेथे वने व सामुदायिक शिबिरे उभारण्याची योजना १९३० नंतरच्या दशकात हाती घेण्यात आली. बेकारांना काम देऊन अशी ४६ क्षेत्रे विकसित करण्यात आली. धर्मादाय संस्था, शाळा व सार्वजनिक मंडळे यांना ती अल्प भाड्याने मिळत. त्यांतही वर्णभेद पाळला जाई; वॉशिंग्टनजवळच्या क्षेत्रात श्वेत व कृष्णवर्णीय मुलांची शिबिरे वेगळी होती. मेरिलंडमधील कॅटॉक्टिन येथील या योजनेतील एक शिबिर १९४२ मध्ये राष्ट्राध्यक्ष फ्रँक्लिन रूझवेल्ट यांच्या विश्रांतिस्थानासाठी घेण्यात आले. आंतरराष्ट्रीय वाटाघाटींमुळे प्रसिद्ध झालेले ‘कँप डेव्हिड’ ते हेच.

१९६० नंतरच्या दशकात दारिद्र्यनिर्मूलनाच्या धोरणात सुटीला नवे महत्त्व आले. ‘हेड स्टार्ट’ हा शालापूर्व शिक्षणाचा कार्यक्रम १९६५ च्या उन्हाळ्यात आठ आठवड्यांचा उपक्रम म्हणून सुरू झाला व त्यात पाच लाखांहून अधिक मुले सहभागी झाली. १९६८ मध्ये सुटीतील भोजनासाठी प्रायोगिक योजना निघाली. १९७५ मध्ये उन्हाळी भोजनाची स्वतंत्र योजना झाली. शाळेतील जेवण बंद होताच गरीब मुलाची उपासमार सुरू होते, ही वस्तुस्थिती त्यामुळे शासनाने मान्य केली. इंग्लंडमध्ये हीच जाणीव बऱ्याच उशिरा धोरणात उतरली. तेथे २०१८ मध्ये प्रयोगादाखल सुरू झालेला सुटीतील उपक्रम व भोजन यांचा एकत्रित कार्यक्रम २०२१ मध्ये देशातील सर्व स्थानिक प्राधिकरणांत लागू झाला. शाळेत मोफत जेवणास पात्र असलेल्या मुलांना त्यात प्राधान्य असल्यामुळे पालकांना आपली गरिबी वेगळी सिद्ध करावी लागत नाही.

भारत : भारतात यूरोपप्रमाणे गरीब मुलांच्या सुटीवसाहतींची व्यापक चळवळ झाली नाही. याचे एक कारण कुटुंबव्यवस्थेत आहे. शहरात पोटासाठी आलेल्या कुटुंबाचे गावाशी असलेले नाते तुटलेले नसे. मुंबईच्या गिरणगावातील कोकण व देशावरील कुटुंबांची मुले मे महिन्यात गावी किंवा आजोळी जात. मोकळी हवा, आंबे-फणस, नदी वा समुद्र आणि भावंडांचा सहवास हे सर्व तेथे विनामूल्य मिळे. पश्चिमेकडे नगरपालिकेने जे काम केले, ते येथे मामा-मामी व आजी-आजोबा यांनी केले. तथापि या व्यवस्थेतही सर्वांना स्थान नव्हते. गावी जमीन वा घर नसलेली, जातीमुळे गावकुसाबाहेर राहणारी किंवा दुष्काळाने गाव सोडलेली कुटुंबे या आधारास पारखी होती. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या गिरणी संपानंतर अनेक कामगार कुटुंबांची मिळकत खुंटली. शहरात दोन-तीन पिढ्या गेल्यावर गावचे घरही अनेकांचे दुरावते. अशा कुटुंबांतील मुलांना सुटीत जाण्यासाठी दुसरी जागा उरत नाही.

संघटित प्रयत्नांपैकी १९४१ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्र सेवा दलाची शिबिरे महाराष्ट्रात उल्लेखनीय आहेत. श्रमदान, गाणी, खेळ व जातिभेदाविरुद्ध सहजीवन हे त्यांचे स्वरूप होते. तेथील भर आरोग्यापेक्षा नागरिकत्वाच्या शिक्षणावर होता. जवाहरलाल नेहरू यांच्या प्रेरणेने १९५६ मध्ये दिल्लीत बालभवन स्थापन झाले व पुढे अन्य शहरांत त्या धर्तीच्या संस्था निघाल्या. चित्रकला, नाट्य, विज्ञान व खेळ यांची सोय तेथे अल्प शुल्कात होते. मात्र निवासाची व्यवस्था नसल्यामुळे अशा केंद्रांचा लाभ जवळ राहणाऱ्या, किंवा ज्यांना कोणी तेथे पोहोचवू शकते अशा मुलांनाच अधिक होतो.

सुटीतील भोजनाच्या संदर्भात २० एप्रिल २००४ चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश महत्त्वाचा आहे. अन्नाच्या हक्कासंबंधीच्या खटल्यात न्यायालयाने दुष्काळग्रस्त भागांत उन्हाळ्याच्या सुटीतही माध्यान्ह भोजन देण्याचा आदेश दिला. जून २००८ मध्ये बिहारमध्ये शासकीय शिक्षकांनी ‘प्रथम’ या संस्थेच्या साहित्याच्या व प्रशिक्षणाच्या साहाय्याने वाचन-गणितात मागे पडलेल्या मुलांसाठी महिनाभराचे उन्हाळी वर्ग चालविले. त्यांच्या शास्त्रीय मूल्यमापनात मुलांच्या वाचनात निश्चित सुधारणा आढळली. गावातील शाळा, तेथीलच शिक्षक व अल्प साहित्य यांवर हा उपक्रम उभा असल्यामुळे पालकांवर त्याचा बोजा पडला नाही.

मूल्यमापन : सुटीचा मुलांच्या शिक्षणावर होणारा परिणाम हा विसाव्या शतकाच्या अखेरीस संशोधनाचा विषय झाला. बार्बरा हाइन्स हिने अ‍ॅटलांटा येथील विद्यार्थ्यांचा अभ्यास करून १९७८ मध्ये असे दाखविले, की श्रीमंत व गरीब मुलांच्या प्रगतीतील अंतर शाळा चालू असताना कमी, तर सुटीत अधिक वेगाने वाढते. बॉल्टिमोर येथे १९८२ पासून केलेल्या दीर्घकालीन पाहणीतूनही असाच निष्कर्ष निघाला. पुढील काळात मोजमापाच्या पद्धती सुधारल्यावर या अंतरातील किती वाटा सुटीचा, याविषयी संशोधकांत मतभेद झाले. यामुळे गुणांच्या वाढीवर शिबिरांचे समर्थन पूर्णतः अवलंबून ठेवता येत नाही. पहिल्या वसाहतींनी वजनवाढीचे आकडे पुढे केले, नंतरच्यांनी परीक्षेतील गुणांचे. दोन्ही काळांत देणगीदार वा शासन यांना पटेल असा पुरावा शोधण्याची निकड त्यामागे होती. श्रीमंत मुलाच्या सुटीकडे मात्र असा हिशेब कोणी मागत नाही.

परवडणारे शिबिर उपलब्ध असूनही गरीब मूल तेथे पोहोचत नाही, असेही घडते. शुल्काखेरीज प्रवास, कपडे, अंथरूण, वैद्यकीय दाखला व आगाऊ रक्कम यांचा खर्च असतो. अर्धा दिवस चालणारे शिबिर पूर्ण दिवस कामावर जाणाऱ्या आईच्या सोयीचे नसते. मोठ्या मुलीवर धाकट्या भावंडांचा भार असल्यास तिला पाठविणे कुटुंबाला अवघड जाते. सवलतीची माहिती बहुधा शिकलेल्या पालकांपर्यंत आधी जाते. वसाहतींच्या दीडशे वर्षांच्या इतिहासात ज्या पद्धती टिकून राहिल्या, त्यांत या अडचणींचे भान दिसते : निवड व नोंदणी मुलाच्या शाळेतूनच करणे, शुल्क उत्पन्नानुसार आकारणे व कोणी किती दिले हे मुलांना कळू न देणे, जेवणाचा समावेश करणे आणि ऐपत असलेल्या व नसलेल्या मुलांना एकाच शिबिरात ठेवणे. जेथे शिबिर केवळ गरिबांसाठी राहिले, तेथे त्याला दयेचे स्वरूप आले व देणगीदारांचा उत्साह ओसरताच ते बंद पडले. जेथे ते गावातील वा शाळेतील सर्व मुलांचे झाले, तेथे त्याच्यासाठी सार्वजनिक पैसा मागणे सोपे गेले आणि गरीब मुलाला तेथे इतरांबरोबरीने स्थान मिळाले.